डबा पास झाला, पण कशासाठी?

स्वयंपाकघरातला एखादा जुना प्लॅस्टिकचा डबा काढा आणि खिडकीपाशी उजेडात धरा. विकत घेतला तेव्हा तो दुधी पांढरा होता. आता आतून पिवळा झालाय, तळाशी तर नारिंगी. कधीतरी रस्सा ठेवला होता, कधी तेलाचा तवंग आलेली आमटी. काथ्याने घासा, लिंबू लावा, पिवळेपणा जात नाही, कारण तो रंग डब्यावर बसलेला नाही, प्लॅस्टिकच्या आत शिरलेला आहे. हळदीतलं करक्यूमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात छान विरघळतं, आणि डब्याचं प्लॅस्टिक स्वभावाने तेलाच्याच जातीचं. गरम रश्श्यातल्या तेलाबरोबर ते प्लॅस्टिकच्या साखळ्यांमधल्या सूक्ष्म मोकळ्या जागांत जाऊन बसतं. हिंगाच्या डब्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही, तोही याच कारणाने.

पिवळा डबा घाण म्हणून टाकून द्यावा की ठेवावा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. आपण प्लॅस्टिकला भिंत समजतो. ती फार बारीक विणीची जाळी आहे. अन्नातले छोटे रेणू त्या जाळीत शिरू शकतात, तसे जाळीतले छोटे रेणू अन्नात येऊ शकतात. येण्याला तंत्रज्ञ ‘मायग्रेशन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी आपल्याकडे चांगला शब्द आहेच: उतरणं. काढ्यात मुळांचा अर्क उतरतो, तसं डब्यातलं काहीबाही अन्नात उतरतं. किती उतरतं, काय उतरतं आणि ते मोजतात कसं, हे समजून घेऊ.

आजीला ठाऊक असलेली गोष्ट

ही कल्पना आपल्या घरांना नवी नाही. पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आमसुलाचं सार, चिंचेचं पाणी, दही, सगळं कळकतं. हिरवट रंग येतो, तोंडात विचित्र चव येते. आंबटामुळे तांबं-जस्त विरघळून अन्नात उतरतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून कल्हईवाला यायचा. निखाऱ्यावर भांडं तापवून, नवसागर टाकून, कथिलाचा पातळ थर आतून फिरवायचा. अन्न आणि पितळ यांच्यामध्ये एक पडदा. आजच्या पॅकेजिंगच्या भाषेत त्याला अडसराचा थर म्हणतील, पण काम तेच.

पण त्याच घरात पिण्याचं पाणी बिनकल्हईच्या तांब्याच्या हंड्यात असायचं आणि त्यावर कुणाची हरकत नसायची. म्हणजे आपल्या घरातल्या बायका ‘पितळ वाईट’ किंवा ‘तांबं चांगलं’ असं म्हणत नव्हत्या. कुठल्या भांड्यात काय, किती गरम आणि किती वेळ, असा त्यांचा हिशेब होता. प्लॅस्टिकच्या तपासणीचं सगळं शास्त्र याच तीन प्रश्नांवर उभं आहे. फरक इतकाच की ताक कळकलं तर जिभेला कळतं. प्लॅस्टिकमधून उतरणाऱ्या बहुतेक गोष्टींना रंग नसतो, चव नसते, वास नसतो. जीभ जिथे थांबते तिथून प्रयोगशाळा सुरू होते.

आणि म्हणूनच ‘हा डबा फूड ग्रेड आहे का?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. फूड ग्रेडचा शिक्का खरं तर डब्याला नसतो, वापराला असतो. गार पाण्यासाठी पास झालेला डबा उकळत्या तेलकट रश्श्यासाठी पास झालेला नसतो.

प्लॅस्टिकच्या कणकेत काय काय असतं

पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) ही नावं आपण ऐकलेली असतात. ती नुसत्या मुख्य घटकाची नावं आहेत, ‘गव्हाची कणीक’ म्हणावं तशी. कणकेत मीठ, तेल, मोहन असतं, तसं प्लॅस्टिकमध्येही बरंच काही मिसळलेलं असतं. हा मुख्य घटक म्हणजे हजारो दुव्यांची लांबलचक साखळी. ती इतकी मोठी असते की हलतच नाही, अन्नात उतरण्याचा प्रश्नच नाही. हलतात ते छोटे रेणू.

त्यातले काही मुद्दाम घातलेले. प्लॅस्टिक वितळवून साच्यात ओततात तेव्हा ते तापून करपू नये म्हणून ऑक्सिडीकरणरोधक घालतात. उन्हाने पिवळं पडू नये म्हणून वेगळं काही. रंगासाठी रंगद्रव्यं. दुधाच्या पिशवीची फिल्म यंत्रावर सरसर धावावी, एकमेकीला चिकटू नये म्हणून घसरण आणणारे पदार्थ. या कामासाठी सर्रास वापरलं जाणारं एरुकामाइड हे एरुसिक आम्लापासून बनतं, आणि एरुसिक आम्ल हे मोहरीच्या तेलातलं एक नेहमीचं आम्ल. म्हणजे उतरणारी प्रत्येक गोष्ट विषच असते असं मुळीच नाही. उलट एरुकामाइडने पृष्ठभागावर येणं अपेक्षितच असतं, त्याशिवाय पिशवी घसरणार कशी?

मऊ पीव्हीसीचं उदाहरण मात्र थांबून बघण्यासारखं आहे. पीव्हीसी मूळचं कडक, घरातल्या पाण्याच्या पाइपासारखं. त्याची लवचीक नळी किंवा मऊ फिल्म करायची तर त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, बहुधा थॅलेट गटातले. पुरणपोळीची कणीक तेलात तिंबली की कशी सैल, लवचीक होते, तसंच. तेल कणकेशी रासायनिक बंध जोडत नाही, नुसतं मध्ये शिरून राहतं. थॅलेटही तसेच राहतात. मऊ पीव्हीसीत त्यांचं वजन ३०-४० टक्क्यांपर्यंतही असू शकतं. न बांधलेला आणि एवढा भरपूर माल आत असताना बाहेर तेलकट पदार्थ आला, तर तो तिकडे जाणारच.

दुसरा गट आहे साखळी बनताना उरलेल्या मालाचा: न जुळलेले सुटे दुवे, आणि प्रक्रिया घडवून आणणाऱ्या उत्प्रेरकांचे अंश. पेट बाटलीत अँटिमनी नावाचा धातू सापडतो तो या मार्गाने.

तिसरा गट सगळ्यात अवघड. कुणी मुद्दाम घातलेला नाही, पण आहे. घातलेला पदार्थ तापून तुटला आणि त्याचे तुकडे झाले. दोन पदार्थ एकमेकांशी भिडून तिसरंच काही तयार झालं. कच्च्या मालातली अशुद्धी आली. चिप्सच्या पाकिटासारख्या अनेक थरांच्या फिल्ममध्ये थर चिकटवणारा गोंद नीट पिकायला काही दिवस लागतात. घाई केली तर त्यातून ॲरोमॅटिक अमाइन नावाची नकोशी रसायनं सुटू शकतात. कारखान्याच्या कृतीच्या कागदावर यांचं नाव नसतं. कागदावर नाही ते शोधायचं कसं?

उष्णता, तेल, वेळ

२००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातल्या पेट बाटल्यांचं पाणी वेगवेगळ्या तापमानांना ठेवून त्यात उतरणारं अँटिमनी मोजलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. त्यांच्या हिशेबाने ही मर्यादा ओलांडायला ६० अंश सेल्सियसला १७६ दिवस लागतील. ७० अंशांना १२ दिवस. ८० अंशांना २.३ दिवस.

हे आकडे पुन्हा वाचा. ६० वरून ८० वर, फक्त २० अंशांची वाढ, आणि सहा महिन्यांचं काम अडीच दिवसांच्या आत आलं. साध्या खोलीच्या तापमानाला त्याच बाटलीत चिंता करण्यासारखं काही घडत नव्हतं. तापल्यावर साखळ्या थरथरायला लागतात, मधल्या फटी उघडझाप करतात आणि अडकलेले रेणू निसटतात. पेट साधारण ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पाण्याच्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आक्रसते, ते आपण पाहिलेलं असतं. बाटली वाकडी होताना दिसते, रेणूंची धावपळ दिसत नाही.

उष्णतेच्या खालोखाल तेल. प्लॅस्टिकमधले बरेचसे पूरक पदार्थ तेलप्रिय असतात. पाण्यापाशी ते आतच बसून राहतात, तेल दिसलं की निघतात. तूप, लोणच्याचं तेल, चीज, नारळाचं दूध हे सगळे त्यांना ओढून घेणारे पदार्थ. मग वेळ. शिवाय अन्नाचा किती पृष्ठभाग प्लॅस्टिकला टेकतो, ते. गरम चहा पातळ कॅरीबॅगेत बांधून देणं इतकं वाईट का, याचं उत्तर यात आहे: उष्णता आहे, थोडी साय आणि स्निग्धांश आहे, चहाच्या मानाने पिशवीचा पृष्ठभाग भरपूर आहे, आणि पिशवी बनवणाऱ्याने ती चहासाठी बनवलेलीच नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदीची अधिसूचना निघाली ती कचऱ्यासाठी. पण चहाच्या पिशवीवर माझा राग आरोग्यासाठीही तितकाच आहे.

उष्णतेचा हा खेळ शास्त्रज्ञांनाही एकदा चकवून गेला होता. १९९० च्या आसपास स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक गट यीस्टमध्ये इस्ट्रोजेनसारखं संप्रेरक तयार होतं का, हे शोधत होता. तसं काहीतरी सापडलंही. मग लक्षात आलं की ते यीस्टचं नव्हतंच. प्रयोगाची पोषकद्रावणं पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकच्या चंबूंत, निर्जंतुकीकरणासाठी वाफेच्या दाबाखाली तापवली होती, आणि ज्यापासून हे प्लॅस्टिक बनतं ते बिस्फेनॉल-ए चंबूतून उतरलं होतं. १९९३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ पासून ठाऊक होतं. पण भांड्यातून ते येत असेल, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

अन्नाऐवजी व्हिनेगर

आता तपासणी. पहिली अडचण अशी की खऱ्या अन्नात मोजणं महाकठीण. लोणच्यात शेकडो रसायनं स्वतःचीच असतात. त्यात डब्याची एक-दोन कशी वेगळी ओळखणार? म्हणून अन्नाचे सोंगाडे वापरतात, म्हणजे अन्नाच्या स्वभावाचे पण साधे द्रव. भारतात यासाठी आयएस ९८४५ हे मानक आहे. साध्या पाणीदार अन्नासाठी ऊर्ध्वपातित पाणी. आंबट अन्नासाठी ३ टक्के ॲसिटिक आम्ल, म्हणजे पातळ व्हिनेगरच. मद्यार्क असलेल्या पेयांसाठी १० किंवा ५० टक्के अल्कोहोल. तेलकट अन्नासाठी हेप्टेन नावाचं द्रावक, किंवा खरंच तेल, जसं ऑलिव्ह किंवा सूर्यफुलाचं.

मग वापरानुसार तापमान आणि वेळ. खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने राहणाऱ्या मालासाठी ४० अंशांना १० दिवस. गरम भरायच्या मालासाठी ७० अंशांना २ तास. डबाबंद करून वाफेवर निर्जंतुक करायचं असेल तर १२१ अंश.

पाणी किंवा व्हिनेगरची चाचणी ऐकायला सोपी आहे. ठरावीक क्षेत्रफळाचा तुकडा द्रवात बुडवायचा, किंवा डबाच द्रवाने भरायचा. मुदत संपली की तुकडा काढायचा, द्रव आटवायचा, आणि तळाशी जो काही उरेल तो ओव्हनमध्ये कोरडा करून अत्यंत नाजूक तराजूवर तोलायचा. काहीही न बुडवलेला तोच द्रव शेजारी तसाच आटवलेला असतो, त्याचं वजन वजा करायचं. उरलं ते प्लॅस्टिकमधून उतरलेलं. काय आहे, ते इथे विचारत नाहीत. एकूण किती आहे, एवढंच.

तेलाची चाचणी मात्र अवघड, आणि मला ती सगळ्यात देखणी वाटते. तेल आटवून उडवता येत नाही. मग उलट्या बाजूने जायचं. प्लॅस्टिकचा तुकडा आधी तोलायचा, दहा दिवस तेलात ठेवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. वजन घटलं असेल तितकं तेलात उतरलं असणार. पण तुकडा तोलला की बऱ्याचदा वजन वाढलेलं निघतं! आपला हळदीचा डबा आठवा. प्लॅस्टिकने तेल प्यायलेलं असतं. मग त्या तुकड्यातलं प्यायलेलं तेल द्रावकाने परत बाहेर काढायचं, त्याचं रासायनिक रूप बदलायचं, गॅस क्रोमॅटोग्राफ या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर ते नेमकं किती होतं ते मोजायचं, आणि वाढलेल्या वजनातून वजा करायचं. आत किती गेलं ते कळल्याशिवाय बाहेर किती आलं ते कळत नाही. ही चाचणी वेळखाऊ आणि महागडी आहे, म्हणून ती टाळण्याकडे कल असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, पॅकेजिंगचे नियम डिसेंबर २०१८ मध्ये काढले, आणि ते १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यानुसार एकूण उतरणाऱ्या पदार्थांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा प्रति चौरस डेसिमीटर १० मिलिग्रॅम. शिवाय डोळ्यांना दिसेल असा रंग उतरता कामा नये. ६० आणि १० यांचा मेळ असा: एक किलो अन्न १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकार डब्यात आहे असं धरलं, तर त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस डेसिमीटर, आणि सहा दाहे साठ. चाचणीचा सगळा डोलारा या एका काल्पनिक चौकोनी डब्यावर उभा आहे.

आता हॉटेलात मिळणारी सॉसची पुडी घ्या. समजा ६ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, आत ८ ग्रॅम सॉस. दोन्ही बाजू धरून ४८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्धा चौरस डेसिमीटर. मर्यादेच्या काठावरची फिल्म असेल तर त्या ८ ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम उतरतील. किलोच्या भाषेत हे ६०० मिलिग्रॅम झाले, दसपट. पुडी जितकी चिमुकली, तितकं अन्नामागे प्लॅस्टिक जास्त. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांवर चालणाऱ्या आपल्या बाजारात या हिशेबाकडे अधिक लक्ष जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तापमानाबद्दलही माझी तक्रार आहे. ४० अंश आणि १० दिवस ही अट ‘खोलीच्या तापमाना’साठी आहे. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर सावलीत ४५ अंश असतात. पत्र्याच्या गोदामात किंवा बंद ट्रकमध्ये त्याहून जास्त. युरोपात विशिष्ट रसायनं मोजताना, सहा महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या मालासाठी ६० अंशांना १० दिवस अशी कडक चाचणी आहे. विदर्भातल्या गोदामासाठी ती मला जास्त खरी वाटते.

सुई शोधणं

एकूण किती उतरलं, हे कळल्याने अन्न सुरक्षित ठरत नाही. ही मर्यादा मुळात भांडं बऱ्यापैकी निष्क्रिय आहे ना, ते बघण्यासाठी आहे. ४० मिलिग्रॅम निरुपद्रवी मेण उतरलं तरी डबा पास, आणि अर्धा मिलिग्रॅम भलतंच काही उतरलं तरी पास. म्हणून दुसरी पायरी: एकेका रसायनाची वेगळी मर्यादा. भारतीय नियमांत अँटिमनीसाठी किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम, कोबाल्टसाठी ०.०५, बेरियमसाठी १, जस्तासाठी २५. डीईएचपी या थॅलेटसाठी १.५ मिलिग्रॅम. युरोपातही डीईएचपीची मर्यादा आधी १.५ होती, २०२३ मध्ये ती ०.६ वर आणली गेली.

धातू मोजायला एक यंत्र, उडून जाणाऱ्या रसायनांना दुसरं, न उडणाऱ्यांना तिसरं. सगळ्यांचा गाभा सारखाच. मिश्रणातले पदार्थ आधी एकेक करून वेगळे करायचे, मग प्रत्येकाला तोडून त्याच्या तुकड्यांच्या वजनांवरून ओळख पटवायची, बोटांच्या ठशांसारखी. ठसा ओळखीच्या यादीत असेल तर नाव मिळतं. नसेल तर नुसतं एक टोक आलेखावर उभं राहतं, आणि तपासणाऱ्याला ठरवावं लागतं की हे कोण. वर सांगितलेला तिसरा, न घातलेला गट असाच सापडतो.

थॅलेट मोजणाऱ्यांची डोकेदुखी तर वेगळीच असते. थॅलेट हवेत आहेत, धुळीत आहेत, हातमोज्यांत, नळ्यांत, द्रावकाच्या बाटलीच्या झाकणातही. तुम्ही नमुन्यात शोधायला जाता आणि स्वतःच्याच प्रयोगशाळेतले सापडतात. म्हणून काचेची भांडी शेकडो अंशांवर भाजून घेतात, प्लॅस्टिकला हात लावत नाहीत, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर एक कोरा नमुना तशाच सगळ्या प्रवासातून नेतात. कुठल्याही रिपोर्टमध्ये थॅलेटचा आकडा दिसला, तर कोऱ्या नमुन्यात किती होतं, हे विचारायला हवं. ते सांगितलेलं नसेल तर त्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

काय शोधायचं ते माहीत नसलं की किती मोठा घोळ होतो, हे २००५ मध्ये इटलीत दिसलं. नोव्हेंबरमध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी नेस्लेचं बाळांसाठीचं सुमारे ३ कोटी लिटर दूध ताब्यात घेतलं, कारण त्यात आयटीएक्स हे छपाईच्या शाईतलं रसायन सापडलं. शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला. दूध आत. मध्ये कागद आणि प्लॅस्टिकचे थर. मग ते आत आलं कसं? छापलेला कागद गुंडाळून त्याचं मोठं रीळ करतात. रिळात प्रत्येक वेढ्याची बाहेरची बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला घट्ट टेकते. शाईतलं रसायन तिथेच, खोकं बनण्याआधी, आतल्या बाजूला लागलं होतं. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेने नंतर आरोग्याला फारशी चिंता नाही असं सांगितलं. तरीही बाळाच्या दुधात शाई, हे कुणाला चाललं असतं? तेव्हापासून तयार खोक्याचा तुकडाच काय, छपाई आणि साठवणीची पद्धतही तपासावी लागते हे सगळ्यांना कळलं.

आपल्याकडे वर्तमानपत्रात भजी-वडापाव बांधण्यावर त्याच २०१८ च्या नियमांनी बंदी आहे, ती शाईमुळेच. पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून अन्न देण्यालाही त्याच नियमांनी मनाई केली होती. पुढे पुनर्वापराच्या पेटसाठी अटींसह वाट उघडण्यात आली. काळ्या, गडद पिशवीची अडचण ही की कालपर्यंत ते प्लॅस्टिक कशाचं होतं, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि काय शोधायचं ते ठाऊक नसेल, तर चाचणी कशाची करणार?

मर्यादाही दगडावरची रेघ नसते. बिस्फेनॉल-एचं रोज किती चालेल, याचा युरोपातला आकडा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅम होता. एप्रिल २०२३ मध्ये तो ०.२ नॅनोग्रॅम झाला. २० हजार पटींनी खाली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला ही उडी पटली नाही, वाद झाला. पण डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कातल्या वस्तूंत बिस्फेनॉल-एवर बंदीचा नियम केलाच, उद्योगांना मुदत देऊन. कालचा ‘पास’ रिपोर्ट खोटा नव्हता. त्या दिवशीच्या मर्यादेला तो खरा होता.

रिपोर्ट वाचताना

डब्याच्या तळाशी असलेला त्रिकोणातला १ ते ७ आकडा सुरक्षिततेचा नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने तो कचरा वेगळा करण्यासाठी आणला. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, १ म्हणजे पेट, एवढंच तो सांगतो. त्यात काय मिसळलंय यावर तो गप्प आहे. आइस्क्रीमचा रिकामा डबा थंडाव्यासाठी तपासलेला असतो. त्यात बटाट्याचे काप, सुटी नाणी, शिवणाचं सामान खुशाल ठेवा. उकळती डाळ नको.

माझ्या ओळखीच्या एक ताई बचत गटाचं लोणचं विकतात. यंदा कैरीच्या हंगामाआधी त्यांनी बरणीवाल्याकडून आलेला रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारलं, “दादा, बरणी चांगली आहे ना? पास लिहिलंय.” खरंच पास लिहिलं होतं. आयएस ९८४५ होतं, प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता होती, आकडा मर्यादेच्या खूप खाली होता. एका ओळीत लिहिलं होतं: ऊर्ध्वपातित पाणी, ४० अंश, १० दिवस.

मी म्हटलं, “ताई, ही बरणी पाण्यासाठी पास झालीय. तुम्ही तिच्यात आंबट कैरी आणि बोटभर तेल भरणार.” त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे कळकेल का हो?” इतक्या थोडक्यात मला कधीच सांगता आलं नसतं.

बरणीवाल्याला त्यांनी फोन केला. ३ टक्के ॲसिटिक आम्लाच्या चाचणीचा कागद त्याच्याकडे होता, तो त्याने त्याच दिवशी पाठवला. तेलाचा नव्हता. कुणी मागितलाच नव्हता, म्हणाला. मग ताईंनी विचारलं, तपासून मिळेल का, कुठे मिळेल. मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला सिपेट या प्लॅस्टिकविषयक सरकारी संस्थेचं केंद्र आहे, ही नावं मी दिली. नमुन्याला बरण्या किती लागतील, खर्च किती येईल, तो निम्मा बरणीवाला देईल का, हे त्यांनी गटाच्या बैठकीत ठरवलं. बरणीवाला निम्म्याला तयार झाला, कारण तोच कागद दाखवून त्याला इतर लोणचंवाल्यांनाही बरण्या विकता येणार होत्या.

रिपोर्ट येईपर्यंत पहिल्या घाण्याचं लोणचं त्यांनी काचेच्या बरण्यांत भरलं. झाकणाच्या आतली मऊ चकती कशाची आहे, हे विचारायला त्या मात्र विसरल्या नाहीत.